टिकली आणि माशी

सिदू मेटकरीनं सभापतींचे दात मोजले, तेव्हा मी चार हातांवर उभा होतो. त्यामुळं सिदूनं त्यांच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला असं जे लोक सांगतात, ते साफ खोटं आहे. मनगटापर्यंतच घातला होता.

गोष्ट आमच्या आटपाडीकडच्या गावातली, नव्या जनावर-बाजाराच्या उद्घाटनाची. प्रत्येक बैलाच्या कानात चकती बसवली होती. फोन जवळ नेला की ती वय, वंश, झालेले आजार, सगळं सांगायची. सभापती भाषणात म्हणाले, "दात बघून वय सांगायचे दिवस आता संपले." सिदू चाळीस वर्षं गावच्या जुन्या बाजारातला हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल. दोन दाती, चार दाती म्हणजे कोवळं, आठही दात आले की जुळलेलं, हे त्याच्या बोटांना पाठ. तो सावकाश मंचावर चढला, डाव्या हातानं सभापतींचा जबडा धरला, उजव्या हाताचं बोट आतून फिरवलं आणि माइकमध्ये म्हणाला, "जुळल्यालं हाय. दोन हालत्यात. औताला चालायचं न्हाई, नुसतं मिरवायला घ्या."

बाजार पोट धरून हसला. मीही हसलो. हसली नाही ती एकटी सिदूची बायको, मालनवहिनी. ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "भावजी, ह्यो चेष्टा करत न्हाई. त्याला खरंच कळत न्हाई."

मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. गाव मला डॉक्टर म्हणतं आणि मी कधी दुरुस्ती केली नाही. पण त्या दिवशी मला पहिल्यांदा आपण फक्त गुरांचे असल्याचं जाणवलं.

मग वहिनीनं वर्षभराचं साठलेलं सांगितलं. सिदू एका बैठकीला गुळाची अर्धी ढेप संपवायचा. लग्नात शेजारच्याच्या ताटातली जिलेबी उचलायचा. रोज सकाळी नऊ वाजता बाजाराच्या मैदानाला अकरा फेऱ्या. दहा झाल्या आणि कुणी अडवलं तर पहिल्यापासून. एकदा विनाचालक एसटी त्याच्यासमोर थांबली, तर तो तिच्या तोंडावरच्या जाळीचे दात मोजत पाऊण तास उभा राहिला, आणि ती आज्ञाधारक गाडीही पाऊण तास उभी राहिली. हे खरं आहे, मी आत बसलो होतो.

"आन् माझा भाऊ गेला," वहिनी म्हणाली, "मी पायरीवर रडत बसल्याली. ह्यो आला, माझ्या तोंडाकडं बघितलं, आन् म्हनला, कालवण कशाचं हाय."

हे सांगताना तिनं आवाज चढवला नाही. म्हणून मला ते जास्त लागलं.

एका दवाखान्यात त्याला विसरण्याचा आजार समजून स्मरणशक्तीच्या गोळ्या दिल्या होत्या. त्यानं तो आणखी उधळला. दुसरीकडं डोकं शांत करायच्या जबर गोळ्या दिल्या, तर आठ दिवसांत मान जू ठेवल्यासारखी ताठ झाली. शेवटी आम्ही सांगलीला डॉक्टर नाझनीन मुजावरांकडं गेलो. त्यांनी मेंदूचं चित्र पडद्यावर लावलं.

"यांची आठवण चांगली आहे," त्या म्हणाल्या. "वाळत चाललाय तो कपाळामागचा भाग, आणि कानशिलांमागचा. मनात काहीही येतं, तुमच्या येतं, माझ्याही येतं. हे करू नये, हे बोलू नये, समोरचा दुखावेल, असं सांगून हात आवरायचं काम त्या भागाचं. तोच गेला की माणूस वाईट होत नाही, पण त्याला आवरणारं आत कुणी राहत नाही."

"म्हंजे वेसण तुटली," वहिनी म्हणाली.

"अगदी तेच. आणि ती परत ओवायचं औषध अजून निघालेलं नाही. स्मरणशक्तीच्या गोळ्या आजपासून बंद. या आजारात त्या उलट्याच पडतात. सकाळी एक गोळी देते, त्यानं गोडाची ओढ आणि त्याच-त्याच गोष्टी करणं थोडं उतरेल. संध्याकाळी दुसरी अर्धी, भडका कमी व्हायला. जबर गोळ्यांना यांचं अंग लगेच आखडतं, त्या फार अडल्याशिवाय नाहीत. बाकी सगळं घरात करायचं. गूळ कुलपात. फेऱ्या मारू द्या. आणि वाद घालू नका. वाद तुम्ही जिंकाल, पण ते हरणार नाहीत."

वाद न घालता सिदूला वळवायचं कसं, हे वहिनीनं स्वतःच शोधलं.

आमच्या बाजारात सौदा तोंडानं होत नसे. हेडी खांद्यावरचा टॉवेल दोघांच्या हातांवर टाकायचा आणि आतल्या आत बोटं दाबली जायची. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. पटलं की अंगठ्याच्या मुळाशी दाब, सौदा पक्का. बघणाऱ्याला नुसता हलता टॉवेल दिसायचा. बायका बाजारात जात नसत, पण वहिनीही हेड्याचीच लेक. बापाच्या मांडीवर बसून ती बोटं शिकली होती. एकदा सिदू गुळासाठी कपाट हलवायला लागला, तेव्हा तिनं त्याच्या हातावर टॉवेल टाकला आणि त्याचं एक बोट दाबलं. एक खडा. सिदू जागच्या जागी थांबला. डोळे मिटले. तिचा पंजा धरला. पाच. तिनं दोन. त्यानं चार. तीनवर अंगठ्याला दाब आला, आणि तीन खडे खाऊन हा गडी बाजेवर जाऊन बसला. मोडलेला सौदा सिदूनं जन्मात केला नव्हता. त्या आजारानं त्याचं बरंच नेलं, पण ते बहुधा वेगळ्या खणात असावं.

तरी हे दिवसातून वीस वेळा. वहिनीचे डोळे खोल गेले.

सभापतींच्या दातांचं चित्रण पुण्यापर्यंत पोहोचलं. तिथं सिदू-वहिनींचा मुलगा धीरज, शेतावरच्या यंत्रांना वाट ओळखायला शिकवणाऱ्या कंपनीत. लहानपणी शाळेत त्याला 'हेड्याचं पोर' म्हणून चिडवायचे, म्हणून त्यानं ना बैलाचे दात कधी बघितले, ना टॉवेलाखाली हात घातला. आता कचेरीतल्या लोकांनी त्याच्यासमोर त्याच्याच बापावर हसून घेतलं. तो पुढच्या रविवारी आला, हातात एका कंपनीनं चाचणीसाठी दिलेली छोटी डबी घेऊन.

"आई, हे शेवटचं करून बघू. नव्वद दिवस. जमलं तर तात्या इथंच राहतील. नाही तर पुण्याच्या निवासात मी नाव घातलंय. तिथं चोवीस तास माणसं असतात. तुला रविवारी भेटता येईल."

"रविवारी," वहिनी म्हणाली. "बाजारासारखं."

डबीत होती ती टिकली. आकारानं बायका लावतात तशीच, रंगानं कातडीसारखी, चिकटवायची कानामागं. तिचं काम असं. माणूस भडकतो ते एकदम भडकतो असं आपल्याला वाटतं, पण अंगाला आधी कळतं. घामाचा खारटपणा बदलतो, नाडीचे ठोके एकसुरी होतात, कपाळामागं रक्त कमी-जास्त होतं. टिकली लाल उजेड कातडीतून आत सोडून हे सगळं वाचायची आणि कधी अकरा मिनिटं, तर कधी जेमतेम मिनिटभर आधी ओळखायची की आता वादळ येणार. मग केसाहून बारीक सुयांतून संध्याकाळच्या गोळीतल्याच औषधाचा कण आत. गोळी सगळ्या दिवसावर सारखी पसरते. टिकली जिथं आग तिथंच पाणी टाकायची. कमाल किती टाकायचं, ती मर्यादा डॉक्टर मुजावरांनी ठरवलेली.

आणि ती शिकायची. रोज संध्याकाळी वहिनीच्या फोनवर विचारायची, 'आजचा दिवस कसा गेला?' खाली पाच दिवे. चांगला गेला तर पाच लावायचे, वाईट गेला तर एक. त्यावरून टिकली समजायची की या घराला कसला दिवस हवाय, आणि तसा घडवायची.

आठ दिवसांत गावानं तोंडात बोट घातलं. सिदूच्या फेऱ्या अकराच्या सात झाल्या, मग तीन, मग तो ओट्यावर बसूनच राहायला लागला. गूळ कपाटाबाहेर ठेवला तरी बघेना. वहिनी वर्ष-दीड वर्षानं पहिल्यांदा दुपारची झोपली. बहिणीकडं दोन दिवस राहून आली. तिच्या गालांवर मांस चढलं. कुणी विचारलं की म्हणायची, "लई गरीब झालाय आता," आणि आमच्याकडं शांत जनावराला हाच शब्द, यापरतं कौतुक नाही. रोज पाच दिवे. टॉवेल खुंटीवर लटकत राहिला.

मला काही खटकलं नाही, असं मी सांगणार होतो. पण एकदा मी त्याला मुद्दाम चुकीचं म्हणालो, "सिद्या, काजळी खिलार दोन दाती असतानाच म्हातारं होतं." अशा बोलण्यावर हा माणूस पूर्वी माझं धोतर फेडायला कमी करत नसे. तो माझ्याकडं बघत राहिला. मी गप्प बसलो, कारण वहिनी आतून गुणगुणत होती.

पासष्टावा दिवस. शेजारच्या शिवाजी गायकवाडनं बाजारातून खोंड आणला होता. दांडगा, पांढराशुभ्र, आणि मेंढरासारखा शांत. मला दाखवायला तो मेटकऱ्यांच्या अंगणातच घेऊन आला.

"डॉक्टर, लहान पोरानं शेपूट ओढली तरी लाथ न्हाई. असला गरीब बैल बघितलाय का?"

मी कानातल्या चकतीला फोन लावला. वय बरोबर, वंश बरोबर, आजार काही नाही. मी मान डोलावणार, तेवढ्यात ओट्यावर शेंगा निवडत बसलेली वहिनी म्हणाली, "शिवाप्पा, डोळ्यावर माशी बसलीया बघ."

"बसंना. माशीच की."

"पापणी हालली का त्याची?"

आम्ही वाकून बघितलं. माशी निवांत चालत होती, डोळ्याच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात.

"पाजलंय त्याला काहीतरी," वहिनी म्हणाली. "उद्या उतरली की दावं तोडंल. आमचं मानूस तर सांगायचं, शांत बैल कान हालवतो, शेपटी मारतो, फक्त लाथ मारत न्हाई. ज्याला माशी उठवता येत न्हाई, तो गरीब न्हवं. तो तिथं न्हाईच."

हे बोलताना ती सवयीनं मागं वळली, ज्याचं ज्ञान त्याला दाखवावं म्हणून. सिदू भिंतीला टेकून बसला होता. त्याच्या डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात माशी होती. ती पापणीवर आली, नाकावर उतरली, ओठांवर थांबली.

वहिनीच्या हातातलं सूप मांडीवरून घसरलं. शेंगा अंगणभर झाल्या. शिवाजी कधी बैल घेऊन गेला ते कुणाला कळलं नाही.

मग ती म्हणाली, "भावजी, मी पाजलंय ह्याला. रोज पाच दिवं लावून."

ती टिकली ओरबाडायला निघाली, तेव्हा मी पहिल्यांदा कामाला आलो. एवढे दिवस अंगात गेलेलं औषध एका झटक्यात तोडलं तर जनावरसुद्धा कोसळतं, हे मला ठाऊक होतं. मी आधी डॉक्टरांना फोन लावला. मुजावरबाईंनी टिकलीची नोंद उघडली.

"संध्याकाळचं औषध अर्ध्यावरून जवळजवळ तिप्पट झालंय. रोज कणभर वाढत गेलंय. मर्यादेच्या आतच आहे, म्हणून कुठं घंटा वाजली नाही. मर्यादा मी सैल ठेवली होती, ती माझी चूक. पण यंत्रानं त्याचं काम चोख केलं मालनताई. ते न हालता बसले की तुमचे पाच दिवे लागायचे. त्यानं हालणंच काढून टाकलं."

"आता काय करू?"

"मर्यादा मी आज खाली आणते, पण उतरवायचं पायरी-पायरीनं, तीन आठवडे. अंग ताठ होतंय का, गिळायला जड जातंय का, ते रोज बघायचं. आणि तुम्हाला टिकलीला परत शिकवावं लागेल. चांगला दिवस म्हणजे काय, हे तिला तुमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही. त्रास वाढेल, हे लक्षात घ्या."

त्या संध्याकाळी घर अगदी शांत होतं. वहिनीनं एक दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी धीरजचा फोन. त्याच्याकडं रोजचे आकडे जायचे. "आई, काल काय झालं? शेवटच्या पंचवीस दिवसांची सरासरी शंभरात साठाच्या खाली गेली तर कंपनी टिकली काढून घेते. ते दिवस आजपासूनच सुरू."

"तुझ्या बापाच्या ओठावर माशी बसली आन् त्यानं उठवली न्हाई."

"अगं, माशीचं काय घेऊन बसलीस?"

"तू हेड्याचा पोरगा असून इचारतोस," वहिनी म्हणाली आणि फोन ठेवला.

अकरा दिवस रोज एकच दिवा. बाराव्या दिवशी सिदूनं माशी मारली. कपाळावरची, स्वतःच्या हातानं, चटकन. वहिनीनं पाच दिवे लावले आणि गल्लीत वाटायला पेढे आणले. ते सिदूनं कुणाला मिळू दिले नाहीत. तेव्हाही पाचच. पुढं तो फेऱ्यांना निघाला, तिच्या स्वयंपाकाला बेचव म्हणाला, माझ्या टकलावर टिचकी मारून "पिकलंय का बघतो" म्हणाला. रोज पाच. मात्र ज्या-ज्या दिवशी त्यानं शेजारणीवर हात उगारला, त्या-त्या दिवशी तिनं दोन लावले. खोटा दिवा तिनं एकही लावला नाही. टिकली बिचारी गोंधळली, मग हळूहळू शहाणी झाली: हात उगारण्याआधी कण सोडायची, टिचकीआधी नाही. टॉवेल खुंटीवरून उतरला. तरी त्या अकरा दिवसांनी आणि मधल्या दोन-दोन दिव्यांनी सरासरी खाली ओढली ती ओढलीच.

नव्वदाव्या दिवशी धीरज आला, सोबत कंपनीची तपासनीस ऋजुता, हातात पाटीएवढा पडदा. अंगणात खुर्च्या मांडल्या. सिदू बाजेवर होता.

"सरासरी त्रेपन्न," ऋजुता म्हणाली. तिलाच वाईट वाटत होतं. "नियमानं मला काढून घ्यावी लागेल."

"मी निवासाला कळवलंय," धीरज खाली बघत म्हणाला. "उद्या सकाळी गाडी येईल. आई, तू पण माणूसच आहेस ना. किती दिवस करशील?"

वहिनी काही बोलणार, इतक्यात पडद्यावर पिवळी रेघ वर चढायला लागली. ऋजुता खुर्चीत सरसावली. "वादळ येतंय. पण टिकलीनं औषध सोडायला नकार दिलाय. असं मी कधी बघितलं नाही."

सिदू उठला होता. बोलताना ऋजुताचे दात दिसत होते, आणि ते चांगले होते. तो तिच्याकडं निघाला, डावा हात पुढं करून. रेघ लाल झाली. धीरज ओरडला, "तात्या." वहिनी मात्र मधे पडली नाही की रागावली नाही. ती त्याच्या बरोबरीनं दोन पावलं चालली आणि त्याच्या हातावर टॉवेल टाकला.

टॉवेल हलला. सिदूनं डोळे मिटले. एकदा तो नाराजीनं "हॅट्" म्हणाला. वहिनी आभाळाकडं बघत होती, जसे बाजारात सगळे हेडी बघतात. टॉवेल पुन्हा हलला, थांबला. सिदूनं हात काढून घेतला, बाजेवर जाऊन बसला आणि खडे मिळायची वाट बघायला लागला.

पडद्यावरची रेघ तळाला होती. ऋजुता कधी पडद्याकडं, कधी टॉवेलाकडं बघत होती. "काय दिलं तुम्ही त्यांना?"

"चार खडे. आज भाव तेज हाय, पाव्हनी बघितली त्यानं." वहिनीनं खडे आणून सिदूच्या हातावर ठेवले.

"टिकलीला माहीत होतं," ऋजुता स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "तुम्ही जवळ असताना औषध लागत नाही, हे ती शिकलीय. आम्ही फक्त शांतता मोजत होतो." आज त्या कंपनीच्या टिकल्या म्हणे आधी माणूस माशी उठवतो का ते बघतात, आणि त्या तपासणीला 'मेटकरी' म्हणतात. हे मी स्वतः पाहिलेलं नाही. पण सांगायला मला आवडतं.

"अहवालात काय लिहू?" तिनं धीरजला विचारलं. "मी मुदत वाढवून मागू शकते. पण घरच्यांनी मागायला हवी. अर्जावर नाव तुमचं आहे."

धीरज टॉवेलाकडं बघत होता. मग तो उठला, बापासमोर गेला आणि त्या कडक इस्त्रीच्या पँटसकट मातीत गुडघ्यांवर बसला.

"तात्या," तो म्हणाला, "माझं बघा की." आणि त्यानं तोंड उघडलं.

सिदूनं गुळाचे चारही खडे एका गालात सारले. डाव्या हातानं पोराचा जबडा धरला, उजव्या हाताचं बोट आत घातलं आणि फार सावकाश, एकेका दातावरून फिरवलं. धीरजनं तसंच तोंड उघडं ठेवून काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. आम्हाला कुणाला त्यातलं अक्षर कळलं नाही.

"निवासातलं नाव काढतो म्हनतोय," वहिनीनं ऋजुताला सांगितलं. "आन् मुदत माग म्हनतोय."

धीरजनं, जबडा धरलेला असताना जेवढी हलवता येते तेवढी, मान हलवली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सिदूला त्याचं काही नव्हतं. त्यानं बोट बाहेर काढलं, पोराच्याच सदऱ्याला पुसलं आणि सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"चार दाती हाय. अजून शिकंल."